सतरा नंबरचा खांब

"आधी कुजलेलं काढा, मग बोला," असं आमचा मिस्त्री म्हणायचा. नाव दुरुस्तीला घेऊन कुणी आलं की तो आधी भाव सांगायचा नाही. पटाशी घेऊन नावेखाली शिरायचा, मऊ पडलेली फळी उपसून गिऱ्हाइकाच्या पायाशी टाकायचा आणि मग हात पुसत उभा राहायचा. भोकातून आरपार उजेड दिसला की कुणी वाद घालत नाही, हे त्याचं चाळीस वर्षांचं शास्त्र.

त्याची शेड तळ्याच्या काठावर. शेड आणि पाणी यांच्यामध्ये त्याच्या वडिलांनी ठोकलेली लाकडी खांबांची भिंत. खांबांमागे आडव्या फळ्या, फळ्यांमागे दगडमाती. ती होती म्हणून काठ होता. पण आता फळ्यांच्या फटींतून लाटा माती चाटून नेत होत्या. पाण्याला घाई नसते. ते रोज थोडं नेतं आणि काय नेलं ते दाखवत नाही. वर्षभरात नऊ पावलांचा काठ पाच पावलांवर आला. मी शेजारी जाळी विणतो. ती पावलं आम्ही दोघांनी मिळून मोजली आहेत.

काठ सरकारी, म्हणून भिंत बदलायला परवाना हवा. अर्ज बारा पानांचा. मिस्त्रीची थोरली बहीण त्याच्याकडेच राहायची, तिला सगळे अक्का म्हणायचे. अक्षर तिचं चांगलं, म्हणून अर्ज तिने भरला. नकाशा मिस्त्रीने काढला, प्रत्येक खांब आपल्या जागी. ऑफिसातल्या खिडकीवरच्या बाईंनी तो परत सरकवला.

"काका, पेन्सिलीने चालत नाही."

शाईने काढून नेला, तर तीन प्रती हव्या होत्या. तीन नेल्या, तर बाई रजेवर. असे चार महिने गेले, तेव्हा कुठे शिक्का बसला आणि पाहणीची तारीख मिळाली.

तारखेच्या आदल्या आठवड्यात मिस्त्रीने आपल्या शास्त्राप्रमाणे तयारी केली. एकेचाळीसच्या एकेचाळीस खांब उपसले, प्रत्येकावर खडूने नंबर टाकला आणि शेडपाशी ओळीने रचून ठेवले. पाहणीला येणाऱ्या साहेबांना खाली वाकायला नको, सगळं कुजकं समोर दिसावं. मलाही ते चांगलंच वाटलं होतं. त्या आठवड्यात वारा सुटला आणि उघड्या काठाचं एक पाऊल गेलं.

साहेब आले. वयाने लहान, बोलायला मऊ.

"भिंत कुठे आहे?"

"ही काय, रचून ठेवलीय. हात घाला, नुसता भुसा येईल."

"ही लाकडं झाली. मी भिंत विचारतोय."

"तिचीच जागा मोकळी करून दिली ना तुम्हाला."

साहेबांनी अर्ज चाळला. "अर्ज बदलण्याचा आहे. जागेवर काही नाहीच, तर बदलणार काय? हे नवीन बांधकाम धरावं लागेल. त्याला दोन वर्षं तरी लागतात."

"दोन वर्षांनी शेडचीच नाव झालेली असेल, साहेब. तीच वल्हवत येईन सहीला."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. "मी जे दिसतं ते लिहितो. आज काही लिहीत नाही. पुढच्या महिन्यात येतो. तोवर..." त्यांनी रचलेल्या खांबांकडे पाहिलं आणि पुढचं बोलले नाहीत.

ते गेल्यावर अक्का म्हणाली, "पुन्हा उभी कर म्हणतायत ते."

"कुजलेली?"

"कुजलेलीच. एक महिना तुझं शास्त्र गुंडाळून ठेव."

मिस्त्रीने नंबरवारीने खांब परत खड्ड्यांत उतरवले. नुसते रोवून ठेवले असते तरी भागलं असतं. पण त्याच्या हाताला तसलं काम माहीत नव्हतं. त्याने पाचरी मारल्या, फळ्या ठोकल्या, फटींत काथ्या भरून डांबर फिरवलं.

"अरे, किती घट्ट ठोकतोस? परत काढायचेत ना ते?"

"अक्का, हलता खांब मला ठोकता येत नाही."

भिंत दोरीसारखी सरळ उभी राहिली. चार पावलांवर पाणी थांबल्यासारखं दिसत होतं.

महिन्याने साहेब आले. त्यांनी पहिला खांब हलवून पाहिला. हलला नाही. सहावा पायाने ढकलला. तोही हलला नाही. डांबरावरून बोट फिरवलं, ते काळं झालं.

"आतून पोकळ आहेत, साहेब. पटाशी देतो, एकदा खुपसून बघा."

"तोडफोड करून तपासायची आम्हाला मुभा नाही हो. उभी आहे आणि हलत नाही, एवढंच माझ्या रकान्यात बसतं." त्यांना वाईट वाटत होतं, ते खरं. तरी शेरा लिहिला: संरक्षण सुस्थितीत, बदलण्याची गरज नाही. सही केली, प्रत अक्काच्या हातात दिली आणि गेले.

मिस्त्री उलट्या नावेवर बसला. अक्काने शेरा दोनदा वाचून दाखवला, तिसऱ्यांदा त्याने हात वर केला. मग उठला. सतरा नंबरच्या खांबाची पाचर काढली, दोन्ही हातांनी कव घालून तो उपसला आणि खांद्यावर टाकला.

"कुठे निघालास?"

"ऑफिसात. खिडकीवर ठेवतो हा. मग बोलू."

"फाईल तरी ने."

त्याने मागे पाहिलं नाही. खांबाच्या बुंध्यातून भुसा झडत होता, त्याची बारीक पिवळी रेघ रस्त्यावर उमटत गेली. अक्का फाईल छातीशी धरून शेडच्या दारात उभी होती. मी जाळं खाली ठेवून पाहत राहिलो, तो वळणाआड जाईपर्यंत. मागे सतराव्या खड्ड्यात पाणी शिरायला लागलं होतं.