ओहमताई आणि दूरच्या बोटीवरचा माणूस

कारखान्यात तिला सगळे ओहमताई म्हणत. बोटींवरचे बिनतारी संच तिच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसत. संचाची आवाज बाहेर टाकणारी बाजू पन्नास ओहमला, म्हणजे विजेच्या अडथळ्याच्या ठरलेल्या मापाला, जुळवायची, हे तिचं काम. अँटेनाही पन्नासाचीच. दोघांचं जुळलं तर आवाज दूरवर जातो; नाही जुळलं तर पाठवलेली शक्ती उलटी फिरून संचालाच भाजते. ताई प्लास्टिकच्या पेचकसाने ट्रिमर, म्हणजे संचातला जुळवणीचा बारीक स्क्रू, केसभर फिरवायची आणि मीटरकडे बघत "पन्नास ओहम, पन्नास ओहम" पुटपुटायची. नव्या पहारेकऱ्याला वाटलं, बाई जपाला बसल्यात. बिचारा पावलं न वाजवता परत फिरला.

तिची कामाची खोली तांब्याच्या जाळीने मढवलेली होती. बाहेरची रेडिओलहर आत नाही, आतली बाहेर नाही. अँटेनाच्या जागी डमी लोड जोडायचा: सगळी शक्ती गिळून नुसता तापणारा एक जाडजूड ठोकळा. इतक्या वर्षांत तिने कितीतरी संच बोलते केले, पण एकावरही ती कुणाशी बोलली नव्हती. घरी फक्त अण्णा, तिचे वडील. त्यांना ऐकू येईनासं झालेलं, आणि कानातलं यंत्र "डोक्यात शिट्टी वाजते" म्हणून कपाटात पडलेलं. ताईच्या तोंडून दिवसाकाठी कामापुरते शब्द निघाले तर निघाले.

एकदा बंदरावरून तक्रार आली. बोट अडकून पडू नये म्हणून साहेबांनी ताईलाच तिकडे धाडलं.

"तुमच्या संचाचा घसा बसलाय," बोटीचा मालक वैतागून म्हणाला. "बंदराबाहेर गेलं की आवाज पोचतच नाही."

ताईने अँटेना काढून सोबत आणलेला डमी लोड लावून पाहिला. बरोबर पन्नास. अँटेना जोडली, तर उलट्या शक्तीचा काटा चढला. मग ती केबिनच्या टपावर चढली आणि अँटेनाच्या केबलच्या जोडावरची चिकटपट्टी सोलली. आत खारं पाणी मुरून तांबं हिरवं पडलं होतं. तिने केबलचं कुजलेलं टोक कापलं, नवा जोड बसवला. काटा खाली आला.

"आता बोलून बघा," मालकाने माइक तिच्यापुढे धरला.

"मी?"

"संच तुमचा, मग बोलणार कोण?"

तिने बटण दाबलं. "हॅलो. चाचणी."

खरखर झाली आणि लांबच्या कुठल्याशा बोटीवरून एका माणसाचा आवाज आला. "स्वच्छ येतंय. कोण बोलतंय?"

ताईने पुन्हा बटण दाबलं. "संच जुळवणारी."

"अजून बोला की. सकाळपासून इंजिनाशिवाय काही कानावर पडलं नाही."

"काय बोलू?"

"काहीही. तिकडे काय चाललंय?"

तिने आजूबाजूला पाहिलं. धक्क्यावर जाळी वाळताहेत, म्हणाली. दोरखंडाच्या वेटोळ्यात एक कुत्रं झोपलंय, त्याचा एक कान तेवढा जागा आहे. तिकडून हसू आलं. ताई बोलत सुटली. बटण सोडलं की तिकडून "हं" यायचा, आणि त्या "हं"च्या जोरावर ती पुढचं सांगायची.

शेवटी मालक खाकरला. "ताई, बाकीच्यांनाही बोलायचं असतं."

तिने ओशाळून माइक परत दिला. त्या माणसाचं नावगाव विचारायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी तिने अण्णांना सगळं सांगितलं; जाळी, कुत्रं, तो आवाज. अण्णा अगदी नेमक्या जागी मान डोलवत होते. सांगून संपलं तसं त्यांनी विचारलं, "मग आज उशीर का झाला गं?"

ताईने खुर्ची त्यांच्या कानाशी ओढली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.