कमानीखालचा डबा

“मॅडम, डब्यात माणसं कशी?” साहेबांनी फोनवर विचारलं.

“बसलीत, सर.”

“कुठं चाललीत?”

“सोलापूरला. त्यांच्या मते.”

मी लाइट रेलच्या डबे विभागात इंजिनीअर आहे. लाइट रेल म्हणजे दाट वस्तीच्या शहरात रस्त्यांमधून रुळावर धावणारी विजेची छोटी गाडी. आमचा पहिला डबा कारखान्यातून ट्रेलरवर शहराकडे निघाला होता. दुसऱ्या दिवशी तो रुळावर ठेवायचा होता. मोठी क्रेन तेवढ्याच दिवसापुरती मिळाली होती. ती हुकली की चाचणी लांबणार आणि खापर माझ्यावर.

जळकोट सोडलं आणि हायवेवर उसाचा ट्रॅक्टर उलटलेला. पोलिसांनी सगळ्यांना बाजूच्या गावातून वळवलं. गावाच्या तोंडाशी स्वागताची सिमेंटची कमान. डबा तिच्यापेक्षा किंचित उंच. ड्रायव्हर सलीमभाईंनी टायरची हवा कमी केली, तरी छत घासलं. आणखी हवा काढली तर टायर रिममधून सुटले असते. मागं वळायला जागा नव्हती. मागं सोलापूरची एसटी उभी होती.

धक्क्यानं आतलं काही सैल झालंय का पाहायला मी शिडी लावून दार उघडलं. मग कमान मोजायला गेले. परत येते तर एसटी रिकामी आणि डबा भरलेला. एका सीटवर रुमाल, एका सीटवर टॉवेल, एका सीटवर कोथिंबिरीची जुडी. सीट धरणारे खाली निवांत चहा पीत होते.

“आजी, ही गाडी प्रवाशांसाठी नाही,” मी दाराजवळच्या म्हातारीला म्हटलं.

“मंग सीटा कशाला केल्यात?”

मी शिडीकडं बोट दाखवलं.

“आन् एवढी लांब गाडी, बाकडी एवढीशी! करणाऱ्याला गुडघं न्हायत का?”

लाइट रेलमध्ये प्रवास थोडा, म्हणून सीट कमी आणि उभं राहायला जागा जास्त ठेवतात. हे मी समजावलं. आजींनी मान फिरवली.

“उतरवा सगळ्यांना!” साहेब फोनवर ओरडत होते.

उतरवायला म्हणून दारात आले आणि वर पाहिलं. छत आणि कमान यांच्यामध्ये उजेडाची बारीक रेघ दिसत होती. माणसांच्या वजनानं ट्रेलरच्या स्प्रिंगचे पाटे दबून डबा खाली आला होता.

“सलीमभाई, जाईल का?”

“अजून थोडी माणसं पाहिजेत, मॅडम.”

मी फोन बंद केला आणि ओरडले, “चला सोलापूर, सोलापूर! आत सरका, मधे जागा आहे!”

चहा टाकून लोक धावले. एसटीचा कंडक्टरही चढला. चालण्याच्या वेगानं ट्रेलर कमानीखालून गेला. कुठं घासलं नाही.

आता उतरवायचं. कुणी हलेना.

“सोलापूर म्हणालीस नव्हं?” आजींनी मला धरलंच. मग कंडक्टरकडं वळल्या. “एसटीचं तिकीट चालंल का ह्यात?”

“न्हाय, आजी. ही आमची गाडी न्हाय.”

“मंग नवं तिकीट कोण देतंय?”

“तिकीट नाहीच,” मी म्हटलं. “फुकट आहे.”

आजी ताडकन उठल्या. “फुकट? म्हंजी सभेला न्यायलेत आपल्याला! उतरा गं बायांनो, दिवसभर उन्हात बसवतेत!”

डबा बघता बघता रिकामा झाला. कोथिंबीरसुद्धा राहिली नाही.

क्रेन मिळाली. चाचणीही झाली. पुढं उद्घाटनाच्या मीटिंगमध्ये साहेबांनी पहिला आठवडा मोफत प्रवास सुचवला. मी तिकीट ठेवायला लावलं.