ताईच्या यकृतातला एकशे बावीस

फोन गजाननभाऊंचा होता. मी हैदराबादला, प्रयोगशाळेत होतो. "वहिनी गेली," एवढंच ते म्हणाले, आणि मग बराच वेळ पलीकडून कुणीतरी खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत राहिले. बातमी अनपेक्षित नव्हती. यकृत कडक होत गेलं की पुढे काय होतं हे मी पुस्तकातून शिकलो होतो. ताईच्या पोटात पाणी साठू लागलं तेव्हाच तिचे दिवस थोडे आहेत हे ओळखलं होतं. तरी फोन ठेवल्यावर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. याला आता दीड महिना झाला.

शालू माझी थोरली बहीण. वर्ध्याजवळच्या आंजीला सासर, तिथल्याच शाळेत ती गणित शिकवायची. गजाननभाऊ तिचे धाकटे दीर. बाजारात त्यांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुलीच्या, पल्लवीच्या जन्माच्या वेळी ताईला रक्तस्राव थांबेना. वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त लागेल म्हणून सांगितलं, तेव्हा ताईच्या नवऱ्याचा गट जुळला नाही, गजाननभाऊंचा जुळला. भाऊ बाही वर करून आडवे झाले. ताई वाचली. बारशाच्या दिवशी तिने पल्लवीला आधी त्यांच्याच मांडीवर दिलं आणि म्हणाली, "हिची आई तुम्ही राखली, भाऊजी." त्या काळी दिलेल्या रक्तात यकृत पोखरणारा हेपटायटिस सीचा विषाणू आहे का, हे कुणी तपासत नसे. हा विषाणू ओळखला गेला त्यालाच जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती.

पुढची कितीतरी वर्षं काहीच झालं नाही. विषाणू असाच असतो, गुपचूप. पल्लवी सातवी-आठवीत गेली तेव्हा ताईला शाळेच्या पायऱ्या चढताना थकवा येऊ लागला, पाय सुजू लागले. नागपूरला तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी विचारलं, "कधी रक्त चढवलं होतं का?" आयुष्यात एकदाच. मग गजाननभाऊंचीही तपासणी झाली. विषाणू त्यांच्यातही होता आणि त्याच जातीचा. त्यांना तो कुठून आला हे कधीच कळलं नाही; बहुधा लहानपणी एकाच सुईने गावभर टोचलेल्या इंजेक्शनांतून.

त्या दिवसापासून भाऊंनी ताईच्या घरी येणं सोडलं. दोन गल्ल्यांचं अंतर, पण दिवाळीलाही आले नाहीत. ताईने बरेच दिवस वाट पाहिली आणि एका दुपारी शाळेतून थेट दुकानात गेली. मी सुट्टीवर होतो, तिच्यासोबत होतो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तिने त्यांची पर्वा केली नाही.

"भाऊजी, घरी काऊन येऊन नाई राह्यले?"

भाऊ पोत्याचं तोंड शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "कोणत्या तोंडानं येऊ? म्या तुमच्या अंगात जहर घातलं, वहिनी."

"तुम्हाले माहीत होतं का?"

"नाई."

"मग? औषध दोघांनाही घ्यायचं हाय. नागपूरले मी एकटी नाई जात. तुम्ही चला संगं."

असे ते दोघं इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांसाठी सोबत जाऊ लागले. त्या औषधाने माणूस पिळवटून निघतो... ताप, अंगदुखी, केस गळणं, उगाचच रडू येणं. परतीच्या एसटीत दोघंही कुडकुडत बसायचे, एकच शाल आलटून पालटून घ्यायचे. आणि औषध संपल्यावर काही महिन्यांनी कळलं की भाऊंच्या रक्तातला विषाणू गेला होता. ताईच्या रक्तात तो होता तसाच होता.

भाऊंनी आपला अहवाल घरात सांगितलाच नाही. तो ताईला डॉक्टरांकडून समजला. ती स्वतः पेढे घेऊन दुकानात गेली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटू लागली. भाऊ रडायला लागले, म्हणाले, "हे तुमच्या वाट्याचं होतं, वहिनी. मले काऊन भेटलं?" ताई म्हणाली, "वाटे कोणी केले नाईत. तुमचं रक्त नसतं तर मी तेव्हाच गेली असती. पोरीले आई भेटली ना इतकी वर्षं? घ्या पेढा." मग दुकानाच्या पायरीवर बसून तिने स्वतःही एक खाल्ला.

मी लहान आरएनए रेणूंवर काम करतो, म्हणून ती मला प्रश्न विचारी. याच सुमारास एक नवी गोष्ट समोर आली होती. आपल्या पेशींत मायक्रोआरएनए नावाचे अगदी तोकडे रेणू असतात. कोणतं प्रथिन किती बनावं यावर ते आवर ठेवतात. त्यातला एकशे बावीस क्रमांकाचा रेणू यकृतात भरपूर, इतरत्र जवळजवळ नाहीच. असे रेणू सहसा प्रथिन बनवण्याचा संदेश दाबून टाकतात. पण हेपटायटिस सीच्या आरएनएच्या, म्हणजे त्या विषाणूच्या जनुकीय मजकुराच्या टोकाशी हा चिकटतो तेव्हा विषाणूचं बिघडत नाही, उलट त्याचा बचाव होतो. रेणू अडवला तर विषाणूची वाढ खुंटते.

मी हे सांगितलं तेव्हा भाऊही समोर बसले होते. ताई म्हणाली, "म्हंजे हा एकशे बावीस आपलाच?"

"आपलाच. यकृताला लागतो तो. चरबीचा कारभार त्याच्याकडे असतो."

"अन् त्याले अडवायचं औषध?"

"अजून प्रयोगशाळेतच आहे, ताई."

भाऊंनी विचारलं, "मग माह्या अंगात तो कमी हाय अन् वहिनीच्या जास्त, असं हाय का?"

मी म्हणालो, इतकं सरळ नाही. त्याच्या प्रमाणाचा आणि इंजेक्शन लागू पडण्याचा संबंध कसा आहे, असलाच तर, हे शोधणं चालू आहे. ताई हसली. "गणित सुटलं नाई म्हणून उत्तर मनानं लिहायचं नसते, भाऊजी," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली. तेव्हा ती उठू शकत होती...

पुढचं वर्ष मी फोनवरूनच ऐकलं. भाऊंनी दुकान अर्धा वेळ बंद ठेवून तिला दवाखान्यात नेलं-आणलं. शेवटी तिला माणसं ओळखू येईनाशी झाली, तेव्हाही तिला औषध पाजायला तेच लागायचे.

परवा आंजीला जाऊन आलो. न्हाणीघराच्या दारामागे एका खिळ्याला लाल दोरा बांधलेलं नेलकटर टांगलेलं आहे. ते ताईचं. रक्ताच्या थेंबातून कुणाला लागण होऊ नये म्हणून तिने ते वेगळं ठेवलं होतं, आणि पल्लवीने चुकून हात लावला तरी ती ओरडायची. पल्लवी म्हणाली, "मामा, आता हे काढू का?"

मी उत्तर देणार एवढ्यात गजाननभाऊ आत आले. त्यांनी ते खिळ्यावरून काढलं, साबणाने धुतलं, सदऱ्याला पुसलं आणि परत तिथेच अडकवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "वहिनीचं हाय."