शिळं ठेवलेलं प्रकरण

सन २०२४. थंडीचे दिवस, संक्रांत नुकतीच झालेली. तेव्हा आमच्या बैठकीत जादूच्या, अद्भुत कादंबऱ्या सुरू झाल्या, आणि तेव्हापासून असले किस्से साचत गेले. एक सांगितला की दुसरा आपोआप वर येतो. मी चौथी पास, मिलमध्ये फिटर होतो. मला रचून सांगता येत नाही. झालं तेवढं सांगतो.

बैठक आमच्या शहरातल्या पलासिया भागात, मंदाताईंच्या घरी. त्या शाळेतून रिटायर झालेल्या. पुस्तकं त्यांची मुलगी पुण्याहून पाठवते. दुसरे देशपांडेजी, सरकारी दफ्तरातले. तिसरा माझा मिलमधला दोस्त विष्णू. त्याची नजर गेली होती, म्हणून त्याच्या घरी जाऊन मी त्याला मोठ्याने वाचून दाखवायचो. ओळीखाली बोट ठेवून.

नियम एकच. शेवटचं प्रकरण त्याच दिवशी वाचायचं नाही. एक रात्र शिळं ठेवायचं, आणि शेवट काय होईल ते आधी ज्याने त्याने सांगायचं.

*

पहिली कादंबरी तळ्याखालच्या शहराची. तिथल्या लोकांना सावली नसते. पुस्तक बरं आहे, राजे फार.

देशपांडेजींनी मात्र ते मनावर घेतलं. एका दुपारी मंदाताईंच्या अंगणात उभे राहिले, चेहरा उतरलेला. मला म्हणाले, "भिया, माझी सावली दिसत नाहीये."

मंदाताई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "ढग आले असतील. आत या, चहा गार होतोय."

ते आत आले. सगळे हसले. मी दाराशी बसलो होतो.

तुळशीची सावली अंगणात पडलेली होती.

*

दुसऱ्या कादंबरीत एक बाई लोकांचे आवाज विकत घेते आणि मडक्यांत भरून ठेवते. मडक्याचं तोंड कशाने बांधलं, तेसुद्धा लिहिलंय. असं लिहिणारा मला आवडतो.

मंदाताईंनी ती संपवली आणि त्यांचा घसा बसला. डॉक्टर म्हणाले, सर्दी आहे. काही दिवसांनी आवाज परत आला. त्यांनी पुण्याला मुलीला फोन लावला. मुलगी म्हणाली, "आजी, तू?"

हे आम्हाला मंदाताईंनीच हसत हसत सांगितलं. मग हसायच्या थांबल्या.

"पोरीने आजीचा आवाज कधी ऐकलेलाच नाही. माझी आई तिच्या जन्माआधीच गेली."

*

तिसरी कादंबरी रस्त्यांची. रस्ते फार आणि पोचत कुणीच नाही.

ती घेऊन देशपांडेजी बेटम्याला लग्नाला गेले. परत येऊन त्यांनी एका चहाच्या टपरीची गोष्ट सांगितली. बस पंक्चर झाली होती, म्हणून उतरले. टपरीवर एका डोळ्याची म्हातारी. तिने पितळी पेल्यात चहा दिला. पैसे घेईना. म्हणाली, "परत जाताना द्या." परत येताना त्यांना टपरी सापडली नाही.

पुस्तक मग माझ्याकडे आलं. त्यातली दोन पानं छापखान्यात कापायची राहून गेली होती, कडेने जोडलेली. मी सुरीने सोडवली.

म्हातारी त्या पानांत होती. पितळी पेलाही होता.

*

चौथी कादंबरी नावाड्याची. तो लोकांना पैलतीरी सोडतो, पण स्वतः नावेतून कधी उतरलेला नाही. ही सगळ्यांत चांगली. विष्णूला ती फार आवडली. शेवटच्या प्रकरणाशी आलो तेव्हा मी म्हणालो, तो उतरणार. विष्णू म्हणाला, "नाही उतरणार. मग नाव कोण चालवेल?"

उद्या बघू म्हणून मी घरी आलो. पहाटे विष्णू गेला.

त्याचा मुलगा वेगळा राहतो, विजय नगर भागात. तेरावं झाल्यावर तो आईला न्यायला आला. वहिनी हलेनात. मुलाने मला फोन केला. म्हणाला, "काका, मम्मीला भास होतात. तुम्हीच समझाओ ना."

मी गेलो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, यांची वेताची खुर्ची मी रोज सकाळी गॅलरीत ठेवते. तुमच्या वाचायच्या वेळेला ती पलंगाजवळ आलेली असते. तुमच्या स्टुलासमोर. यांना असं सोडून मी कशी जाऊ?"

मी पाहिलं. खुर्ची पलंगाजवळच होती.

विष्णूचं एक प्रकरण माझ्याकडे बाकी होतं. घरी जाऊन मी पुस्तक घेऊन आलो. स्टुलावर बसलो, बोट ठेवलं आणि वाचायला लागलो. ऐकताना मधेमधे हुंकार द्यायची विष्णूची सवय होती. त्या त्या जागी मी थांबलो. थांबावं लागलं.

नावाडी उतरला नाही.

"तू बरोबर होतास," मी म्हणालो आणि पुस्तक मिटलं. खुर्चीचा वेत करकरला, माणूस उठल्यावर करकरतो तसा.

वहिनींनी खुर्ची उचलून गॅलरीत नेऊन ठेवली. आत आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "चल."