थेल्माच्या सॅलडचा आंबटपणा

सफरचंदाबद्दल ऑब्री किन्समनला चार शब्द सांगायला जाण्याची अख्ख्या अ‍ॅनापोलिस खोऱ्यात कुणाची छाती नव्हती. कोणत्या फांदीवरचं फळ शुक्रवारी उतरवायचं आणि कोणतं सोमवारी, हे तो झाडाखालून चालता चालता सांगे आणि ते खरं निघे. असा हा गृहस्थ सत्त्याहत्तराव्या वर्षी बायकोचा एप्रन बांधून चुलीपुढे उभा होता. सॅलडवर घालायचं ड्रेसिंग त्याने तीनदा केलं, आणि तिन्ही वेळा ते कुत्र्याच्या ताटलीत गेलं. तिसऱ्या वेळी कुत्र्यानेही तोंड फिरवलं.

थेल्मा मार्चमध्ये गेली. आता ऑक्टोबर लागला होता आणि शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये हंगामाचं जेवण होतं. त्या जेवणाची यादी हॉलच्या स्वयंपाकघराच्या दारावर टाचलेली असते. डावीकडे पदार्थ, उजवीकडे नाव. भोपळ्याची गोड पाय-पेस्ट्री कुणाची, डुकराच्या मांसाचा रोस्ट कुणाचा, हे आजोबांच्या काळापासून ठरलेलं आहे. दुसऱ्याचा पदार्थ आपण करून न्यायचा म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातलं झाड तोडण्यासारखं. बाई गेली की तिच्या घरच्यांना एक मोसम मिळतो. त्यांनी आणलेला पदार्थ चवीला तोच लागला तर यादीतली ओळ घरात राहते. नाही लागला, तर बायका “छान झालंय हो” म्हणतात आणि पुढच्या वर्षी तिथे दुसरं नाव दिसतं. “छान झालंय हो” ऐकण्यापेक्षा थोबाडीत खाल्लेली बरी, असं ऑब्रीला वाटे. त्यात बर्जेसांची नवी सून टपूनच बसली होती. ती सॅलडमध्ये रंगीत मार्शमॅलो घालते, असं त्याच्या कानावर आलं होतं. थेल्माच्या ओळीत मार्शमॅलो!

फळांची त्याला काळजी नव्हती. ग्रेवनस्टाइन सफरचंदं, बॉस्क जातीचे पेअर, क्रॅनबेरी, कोवळी कोबी आणि भाजून भरडलेले अक्रोड हे सगळं दरवर्षी तोच निवडून आणून देत आला होता. पिवळा चिनी मातीचा वाडगा गाडीतून हॉलपर्यंत उचलून न्यायचं कामही त्याचंच. अडलं होतं ते ड्रेसिंगपाशी. थेल्माची चिठ्ठी सापडली होती, पण चिठ्ठी कसली ती! बलक चार, मोहरीची पूड, साखर, मीठ, व्हिनेगर, मंद आच, गार झाल्यावर साय. शेवटी लिहिलेलं, ‘बरोबर वाटेपर्यंत.’ थेल्मा ज्या दुकानी बाटलीतून व्हिनेगर ओतायची, तशीच बाटली तो लेबल जुळवून घेऊन आला होता. तरी आंबटपणा नुसता नाकात जाई आणि तिथेच संपे. थेल्माचा आंबटपणा जिभेवर रेंगाळायचा आणि शेवटी सफरचंदावर येऊन थांबायचा.

विचारायचं कुणाला? किन्समनांच्या घराण्यात विचारायची पद्धतच नव्हती. त्याचे वडील एकदा धुक्यात रस्ता चुकून थेट समुद्रापर्यंत गेले होते, पण वाटेत कुणाला विचारलं नाही, असं घरात कौतुकाने सांगत.

शेवटी गुरुवारी दुपारी तो पेअरची टोपली घेऊन रस्त्यापलीकडे म्यूरिअलकडे गेला. म्यूरिअल थेल्माची धाकटी बहीण. तिची जीभ मोहरीसारखी होती आणि गेली चाळीस वर्षं ती ऑब्रीवरच परजली जात होती.

“पेअर फार झाले होते,” तो म्हणाला. “म्हटलं तुला द्यावेत.”

“माझ्या अंगणात पेअरचं झाड आहे, ऑब्री. तूच लावलंयस.”

“हो. पण हे बॉस्क आहेत.”

“तेही बॉस्कच आहे.” तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “आणि थेल्माचा एप्रन तुला बरा दिसतो. रस्ता ओलांडताना कुणी शिट्टी नाही ना मारली?”

ऑब्रीने खाली पाहिलं. एप्रन काढायचा राहून गेला होता. ताकाला जाऊन भांडं लपवावं तर भांडं गळ्यात बांधूनच आलेलं. एरवी तो तणतणत परत गेला असता. पण त्या एप्रनच्या खिशात थेल्माचा रुमाल होता, आणि त्याला एकदम फार थकल्यासारखं वाटलं.

“मला जमत नाहीये गं, म्यूरिअल,” तो म्हणाला. “तीनदा केलं. ती काय घालायची त्यात?”

म्यूरिअल मटकन खुर्चीत बसली. तिने लगेच टोमणा मारला नाही, तेव्हा ऑब्री घाबरलाच.

“सात महिने वाट बघतेय मी या प्रश्नाची,” ती म्हणाली. “थेल्माने जाण्याआधी वचन घेतलं माझ्याकडून. म्हणाली, आपणहून सांगू नकोस, तो चिडेल. पण त्याने विचारलं तर सांग. मी म्हटलं, अगं, तो किन्समन आहे, तो कशाला विचारतोय! चल.”

तिने त्याला तळघराच्या जिन्याखाली नेलं. तिथे एक ओकचं पीप आडवं ठेवलेलं होतं, वरच्या भोकावर पातळ फडकं बांधलेलं. फळीवर तापल्या सळईने उमटवलेली अक्षरं होती, ए. के., आणि खाली साल. ऑब्रीने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. सळई त्यानेच धरली होती.

ते साल त्याच्या चांगलं लक्षात होतं. लग्नाचं तिसरं वर्ष, हंगामातला पहिला, ग्रेवनस्टाइनचा रस. सफरचंदाच्या रसाचं असं मुरवलेलं मद्य, असं सायडर खोऱ्यात कुणी केलं नसेल, म्हणून तो गावभर सांगत सुटला होता. रस पिपात भरला त्याच संध्याकाळी थेल्माला कळा सुरू झाल्या. तिला घेऊन तो गाडी हाकत निघाला आणि पिपाला बूच लावायचं विसरला. पहाटे त्यांची मुलगी लिनेट जन्मली. आणि ख्रिसमसला पाहुण्यांसमोर ऐटीत त्या पिपाची तोटी सोडली, तर पेल्यात व्हिनेगर! सायडर करणाऱ्याला याहून मोठी नामुष्की नाही. शिवाय व्हिनेगर आणि सायडर एका छपराखाली नांदत नाहीत. त्याच्या विरजणाचा एक थेंब लागला तरी शेजारची पिपं नासतात. “ओतून दे खड्ड्यात,” त्याने थेल्माला बजावलं. दोन दिवसांनी पीप दिसेनासं झालं आणि त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. तेव्हापासून मात्र प्रत्येक बूच तो तीनतीनदा ठोकून बघत असे.

“तिने आणि मी हे पीप रात्रीतून ढकलत रस्त्यापलीकडे आणलं,” म्यूरिअल म्हणाली. “लिनेट दोन महिन्यांची होती. थेल्मा म्हणाली, माझी पोर आली त्या रात्रीचं आहे हे, मी खड्ड्यात कशी ओतू? इथूनच ती बाटली भरून न्यायची. दुकानाची बाटली तिने एकदाच आणली असेल.”

ऑब्रीने पुन्हा फळीवरच्या त्या सालावर बोट ठेवलं.

“आता पुढचं ऐक. विरजण जिवंत ठेवायचं तर दर हंगामात ताजा रस लागतो. तो कुठून यायचा, सांग बरं?”

ऑब्रीचे कान तापले. दरवर्षी पहिल्या रसाचे भरून ठेवलेले जग मोजताना एक कमी निघायचा. तो म्यूरिअलने लांबवला, अशी त्याची खात्री होती. दर ख्रिसमसला ती दारात आली की तो ओरडायचा, “जग लपवा रे, म्यूरिअल आली!” सगळे हसायचे. थेल्मा मान खाली घालून बटाटे वाढायची. आणि म्यूरिअल म्हणायची, “या वर्षी दोन नेणार आहे.”

“बेचाळीस वर्षं तू चोर म्हणवून घेतलंस,” तो म्हणाला.

“चोर नव्हते असं कुठे म्हणतेय? जग मीच उचलायचे. ती पहारा द्यायची.”

तेव्हा मात्र ऑब्री हसला, आणि हसता हसता त्याला रडू आलं. त्याने थेल्माच्याच रुमालाने डोळे पुसले. म्यूरिअलने दुसरीकडे बघत बाटली भरली.

चौथ्या वेळचं ड्रेसिंग कुत्र्याला मिळालं नाही. बलक फेटत, पाण्यावरच्या भांड्यात ढवळत तो उभा राहिला. चमच्याला चिकटण्याइतकं दाट झालं, गार झालं, साय घातली. बोटाने चाखलं. आधी मोहरी, मग तो आंबटपणा आला, रेंगाळला आणि सफरचंदावर येऊन थांबला. त्याच्याच सफरचंदावर. त्याच्या हातून घडलेली सगळ्यात मोठी चूक सारं गाव दर ऑक्टोबरमध्ये मागून मागून खात होतं, आणि वाडगा तो स्वतः उचलून नेत होता. वेडी बाई, तो मोठ्याने म्हणाला. सांगायचंस ना एकदा तरी. आणि मग खरं तेही त्याला कबूल करावं लागलं की सांगितलं असतं तर त्याने ते ओतलंच असतं.

शनिवारी हॉलमध्ये यादी सांभाळणाऱ्या यूनिसने एक चमचा खाल्ला. “छान झालंय हो” असं ती म्हणाली नाही. तिने बशी भरून घेतली. बर्जेसांच्या सुनेने तर दोनदा घेतलं. मग यूनिसने कानामागची पेन्सिल काढली.

“थेल्माचं खोडून तुझं लिहू ना?”

“काही लिहू नकोस,” ऑब्री म्हणाला. “सॅलड तिचंच आहे. मी वाडगा उचलणारा.”

“अरे, पण पद्धत आहे आपली.”

“माहीत आहे.”

यूनिसने पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली.

मंगळवारी सकाळी ऑब्रीने पहिला रस काढला आणि पहिला जग घेऊन तो उघडपणे, समोरच्या दाराने म्यूरिअलकडे गेला. जिन्याखाली वाकून त्याने स्वतःच्या हाताने तो पिपात ओतला. मग सवयीने त्याचा हात बूच शोधू लागला.

“बूच नको,” वरून म्यूरिअल म्हणाली. “बूच लावलंस तर मरेल ते. त्याला वारा लागतो.”

ऑब्री तसाच ओणवा थांबला. मग त्याने पिपाचं तोंड उघडंच ठेवलं, त्यावर फडकं बांधलं आणि तिच्या जन्माच्या रात्रीच्या या पिपाची गोष्ट सांगायला लिनेटला फोन करायचा म्हणून वर आला.