सुट्टीची रंगीत तालीम

एकवीस वर्षं शाळेची बस चालवल्यावर माणसाचं खरं नाव मागे पडतं. त्यांना सगळे बसकाका म्हणत. भाजीवालीही आणि बँकेतला शिपाईही. मुलांबद्दल जे काही त्यांना ठाऊक होतं, ते समोरच्या आरशातून शिकलेलं होतं. पुढच्या बाकावरची बोलून बोलून कान किटवतात. मधल्या बाकांवरच्यांना वळणावर मळमळतं. आणि मागच्या बाकावरच्यांना काही विचारायला जाऊ नये, ती आपणहून बोलली तर बोलतात.

एकही मूल आजवर चुकीच्या थांब्यावर उतरलं नव्हतं, याचा त्यांना अभिमान होता. मूल द्यायचं ते हातातून हातात, हा त्यांचा नियम. आणि दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी ते रिकामी बस घेऊन सगळ्या वाटेवर एक फेरी मारत. कुठे रस्ता खणलाय, कुठल्या वळणावर नवी भिंत आली, सगळं बघून घेत. ताकही फुंकून पिणारा माणूस.

दुसऱ्यांची मुलं इतकी वर्षं नेली-आणली, पण स्वतःच्या तिघांना घेऊन कुठे जाणं झालं नव्हतं. बायको औषधांच्या दुकानात कामाला. तिला सुट्टी मिळे तेव्हा यांची शाळा असे, यांची शाळा बंद असे तेव्हा तिच्या दुकानात माणूस कमी असे. त्या वर्षी मात्र बायकोने कपडे घड्या करता करता विषय काढला.

"पुढच्या वर्षी थोरली शिकायला जाणार. एकदा पोरगी बाहेर पडली की सुट्टीला घरी येते, पण पाहुण्यासारखी. पाचजणांनी मिळून कुठे जायचं तर यंदाच."

"कुठे जायचं?"

"मोठ्या शहरात. चार दिवस. मी मालकांशी बोलून ठेवलंय."

म्हणजे विचारणं नव्हतंच, सांगणं होतं. बसकाकांनी मान डोलावली खरी. मोठ्या शहरात ते आजवर गेले नव्हते.

रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बैठक बसली. दहा वर्षांच्या मधल्याला संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा बघायचा होता. त्याची लांबी, वजन सगळं त्याला तोंडपाठ होतं. चार वर्षांच्या धाकटीला सरकता जिना हवा होता. जिना आपोआप वर जातो हे तिने ऐकलं होतं, पण तिचा विश्वास बसला नव्हता. बायको म्हणाली, "मला एक सकाळ कुणी उठवू नका, बस." मधला म्हणाला की त्यासाठी शहरात कशाला जायला हवं. बायको म्हणाली, "घरी ते जमत नाही म्हणूनच."

सोळा वर्षांची थोरली खिडकीपाशी उभी होती. तिला विचारलं तर म्हणाली, "काहीही चालेल."

मागच्या बाकावरून आलेल्या 'काहीही चालेल'चा अर्थ बसकाकांना चांगला ठाऊक होता. पण आपल्याच घरातला मागचा बाक त्यांना ओळखू आला नाही. त्यांनी वहीत थोरलीच्या नावापुढे लिहिलं, काहीही.

मग वही भरत गेली. दहा वर्षांच्या मुलाला चालवेल तेवढं चार वर्षांच्या मुलीला चालवणार नाही. तिला तासाभराने बाबागाडी लागणार, आणि बाबागाडी म्हटली की जिने आले, अरुंद दारं आली. नकाशात पायऱ्या दिसत नाहीत. चार दिवस हा विचार डोकं पोखरत राहिला, आणि पाचव्या दिवशी ते बायकोला म्हणाले, "मी येत्या रविवारी एकदा जाऊन बघून येतो."

"कुठे?"

"शहरात. रिकामी फेरी."

बायको हसू दाबत म्हणाली, "अहो, लोक लग्नाची तालीम करत नाहीत आणि तुम्ही सुट्टीची करणार?" पण तिने डबा भरून दिला आणि मुलांना सांगितलं की बाबा बसच्या कामाला गेलेत.

पहाटेच्या गाडीने तीन तासांचा प्रवास करून बसकाका शहरात उतरले, ते धाकटीची बाबागाडी घेऊनच. गाडीत पाण्याची बाटली, वही आणि डबा. स्टेशनातून बाहेर पडताना त्यांना जाणवलं की लोक सवयीने गाडीत डोकावतात आणि मग त्यांच्याकडे बघतात. त्यांनी टोपी जरा खाली ओढली आणि चालू लागले. धाकटीच्या चालीने चालायचं म्हणून पावलं अर्धी टाकत होते, त्यामुळे तर ते आणखीच विचित्र दिसत असावेत.

ठरवलेल्या लॉजची लिफ्ट इवलीशी होती. गाडी मिटवली तरच आत जात होती. लिहिलं. मेट्रोत गाडी बदलायची तर चाळीस पायऱ्या. त्यावर काट मारून बसचा नंबर लिहिला. चौकातला सिग्नल इतक्या लवकर बदलायचा की अर्ध्या पावलांनी रस्ता निम्माच ओलांडून होई. तिथे धाकटीला उचलून घ्यायचं, लिहिलं.

संग्रहालयापुढे रुंद दगडी पायऱ्या होत्या. काका खाली उभे राहून त्या मोजत होते, तेवढ्यात शेजारच्या बाकावर बसलेल्या एका आजींनी गाडीत वाकून पाहिलं.

"बाळ कुठंय?"

"घरी आहे."

"आणि गाडी इथे?"

"रस्ता बघायला आणलीय. पुढच्या महिन्यात बाळ येणार आहे."

आजींनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. माणूस वेडा नाही अशी खात्री पटल्यावर त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मग पायऱ्या कशाला मोजताय? मागे उतार आहे. चला, दाखवते. माझे गुडघे मला कधीच पुढून जाऊ देत नाहीत." उतार पाहून झाला. आजींनी आत यायचा आग्रह केला, पण काका दारातूनच परतले. देवमासा मुलांबरोबरच बघायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

महिन्याभराने पाचहीजण शहरात उतरले, तेव्हा बसकाकांच्या वहीत पहिल्या दिवसाचं मिनिटा-मिनिटाचं पान तयार होतं, आणि तो दिवस अगदी तसाच पार पडला. बस वेळेवर. सिग्नलपाशी धाकटी कडेवर. उताराने आत. दहा वाजता देवमाशाखाली. मधला तोंड वर करून बरगड्या मोजायला लागला आणि अकराव्या बरगडीशी काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चला, पस्तीस मिनिटं झाली."

दुपारी मोठ्या दुकानातला सरकता जिना. दोन वेळा वर, दोन वेळा खाली, असं ठरलं होतं. धाकटी पाचव्यांदा जायला निघाली, तिला उचलून आणावं लागलं. मग पुढचे दोन चौक तिचा भोंगा चालू होता. उंच मनोऱ्यावरही सगळे जाऊन आले. कुणी हरवलं नाही, कुणाला मळमळलं नाही. तरी संध्याकाळी लॉजवर आल्यावर जो तो आपापल्या कोपऱ्यात गप्प होता. काकांना कळेना, सगळं बिनचूक होऊनही कुणाच्या तोंडावर तेज का नाही.

थोरलीने उद्या काय आहे बघायला वही उचलली. पानं उलटता उलटता ती थांबली.

"बाबा, हे काय? 'मागे उतार, आजींनी दाखवला.' कुठल्या आजी?"

काका बुटांच्या नाड्या सोडत होते, ते सोडतच राहिले. बायको म्हणाली, "सांगा आता."

"मी एकदा येऊन गेलो होतो," काका म्हणाले. "गेल्या महिन्यात. रस्ता बघायला."

"एकटे?"

"बाबागाडी होती."

"रिकामी?"

"डबा होता."

मधला खो खो हसत सुटला. थोरली हसली नाही. ती पलंगाच्या कडेला बसली.

"म्हणजे देवमासा तुम्ही आधीच बघितला होता."

"छे. आत गेलोच नाही. म्हटलं, तुमच्याबरोबर बघू."

"मग आज तरी कुठे बघितलात? आज तुम्ही घड्याळ बघत होतात."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. काकांना देवमाशाचं तोंड आठवेना. दार कुठे, स्वच्छतागृह कुठे, गर्दी कुठून येते, सगळं आठवत होतं. त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले. मग त्यांनी तिच्याकडे बघून विचारलं, "तुला काय हवं होतं? 'काहीही' सोडून सांग."

थोरलीने आईकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. "पुढच्या वर्षी मला याच शहरात राहायचंय. मला एकदा एकटीने कॉलेजपर्यंत जाऊन यायचंय. तुम्ही कुणी बरोबर नको. दोन तास."

हातातून हातात, हा एकवीस वर्षांचा नियम काकांच्या जिभेवर आला. त्यांनी बायकोकडे मदतीच्या आशेने पाहिलं. बायको म्हणाली, "जाऊ दे तिला. पुढच्या वर्षी तुम्ही काय, बस घेऊन येणार आहात?"

काका कसंबसं म्हणाले, "फोन चालू ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला कुणी उठवलं नाही. थोरली खांद्याला पिशवी लावून मेट्रोच्या जिन्याने खाली गेली आणि काका वरच्या कठड्यापाशी, तिचं डोकं दिसेनासं झाल्यावरही, उभे राहिले. मधल्याने त्यांची बाही ओढली. "आता कुठे? वहीत काय आहे?"

"वही आईपाशी राहिली. तुला कुठे जायचंय?"

ते पुन्हा देवमाशाकडे गेले. आज काकांनी मान वर केली. जबडा केवढा तर त्यांच्या बसचं पुढचं दार त्यातून सहज गेलं असतं. धाकटीने विचारलं, याचे डोळे कुठे गेले; मधल्याने तिला समजावायला सुरुवात केली आणि तिला ते मुळीच पटलं नाही. मग बरगड्यांची मोजणी. मधल्याच्या तीस आल्या, काकांच्या एकोणतीस. पुन्हा मोजल्या. धाकटी बाबागाडीतून उतरून जमिनीवर उताणी झोपली आणि तिने आकडा सांगितला, सात, कारण तिला तेवढेच येत होते. काकाही शेवटी तिच्या शेजारी फरशीवर बसले, कारण उभ्याने मान आखडली होती. रखवालदार जवळून गेला, पण काही बोलला नाही.

"एकोणतीसच आहेत," काका म्हणत होते. "एक मोडली असणार."

"तीस आहेत," मागून आवाज आला. "एक त्या खांबाच्या आड आहे."

थोरली उभी होती. मधला असताना ही सगळी दुसरीकडे कुठे जाणार, हे तिला ठाऊक होतं. ती येऊन पाच मिनिटं झाली होती आणि काकांना पत्ताच नव्हता. त्यांनी फोनही पाहिला नव्हता. ते गडबडून उठायला लागले, तेव्हा तिने हात पुढे केला.

उरलेले दोन दिवस वही पिशवीतच राहिली, असं मात्र नाही. बसच्या वेळा आणि ते उतार रोज कामाला आले. पण एका दिवसात एकच ठिकाण गाठायचं, बाकीचं जमेल तसं, असं ठरलं. धाकटी सरकत्या जिन्यावर अठरा वेळा गेली. एकोणिसाव्या वेळी तिचं मन भरलं आणि ती म्हणाली, आता साधा जिना. प्राणिबाग राहून गेली. नदीवरच्या होडीतून फिरणं राहून गेलं. मधल्याने त्याबद्दल कुरकुर केली, पण तीही पोट भरलेल्या माणसासारखी.

परतीच्या गाडीत धाकटी आईच्या मांडीवर आणि मधला खिडकीला डोकं टेकून झोपला होता. थोरली उठून काकांच्या शेजारी येऊन बसली. मग ती आपणहून बोलायला लागली.

"त्या दिवशी कॉलेजचं फाटक बंद होतं. सुट्टीच आहे ना. मी नुसती भिंतीच्या कडेकडेने चक्कर मारून आले. समोर एक पुस्तकांचं दुकान आहे आणि एक न्हावी. न्हाव्याने विचारलं, कुणाला शोधतेस? म्हटलं, कुणाला नाही."

"बरं."

"आणि येताना मी उलट्या दिशेच्या मेट्रोत बसले. मुद्दाम सांगितलं नव्हतं."

काका तिच्याकडे वळले. "मग?"

"मग काय, पुढच्या स्टेशनला उतरले. समोरच्या बाजूला गेले आणि परत बसले."

"भीती वाटली?"

तिने थोडा विचार केला. "उतरेपर्यंत वाटली."

काकांनी मान हलवली. "बरोबर केलंस," ते म्हणाले, आणि मग त्यांनी तिला त्या न्हाव्याच्या दुकानाबद्दल विचारलं.