गोदामाच्या दाराची कडी

मुरूम गावातला आमचा स्टुडिओ माझ्या मामांच्या तुरीच्या गोदामात आहे. निम्मं आयुष्य पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करून मी परत आलो, तेव्हा मनात एकच होतं. इकडच्या गाणाऱ्यांना, बातम्या सांगणाऱ्यांना आपला आवाज रेकॉर्ड करायला पुण्या-हैदराबादला जावं लागू नये. मामांनी भाड्याचा विषयही न काढता किल्ली हातात ठेवली. आम्ही भिंतींना जुन्या गोधड्या लावल्या, दारावर लाल दिवा बसवला. बेंबळीच्या काही बाया शेतीचा कार्यक्रम करायला येऊ लागल्या. सीमेपलीकडचे एक गवई कन्नड वचनं गायला आले. उमरग्याच्या मंडळींनी तर आपल्या बातम्यांचं बिऱ्हाडच आमच्याकडे हलवलं.

रेकॉर्डिंगचा तो दिवा लागलेला असताना आत यायचं नाही, हे मी सगळ्यांना सांगितलं होतं. पण आमच्याकडे दारात माणूस दिसला आणि त्याला ‘या, बसा’ म्हटलं नाही, असं होत नाही. बेंबळीच्या त्या बायांतल्या एक बाई ठिबकची माहिती सांगता सांगता थांबायच्या आणि आलेल्याला जागा करून द्यायच्या. तो बसता बसता पाऊसपाण्याची चौकशी करायचा. ते सगळं रेकॉर्ड व्हायचं. शेवटी मी आतून कडी लावायला सुरुवात केली.

एका दुपारी गवई रंगात आले होते. दाराच्या काचेत मामा दिसले, हातात पिशवी. त्यांनी दार ढकललं. मी त्यांना पाहिलं आणि बसल्या जागेवरून हातानंच ‘थांबा’ केलं. गाणं मोडायचं नव्हतं, हे खरं. पण त्या घटकेला ते गोदाम मला माझंच वाटलं होतं, हेही खरं. गाणं संपल्यावर दार उघडलं, तर ओसरीवर नुसती पिशवी होती. आत शेंगापोळ्या, सगळ्यांना पुरतील इतक्या.

एक अडत्या ते गोदाम मालासाठी मागतोय, हे मला ठाऊक होतं. संध्याकाळी मामांच्या घरी गेलो.

“या भाचेबुवा,” मामा बाजेवरून म्हणाले. “कडी काढून आलात व्हय?”

“चुकलं मामा. तुम्हाला बघूनही उठलो नाही.”

“गाणं चालू हुतं, तेवढं कळतंय मला. पर दारात आलेल्याला कुणीतरी या म्हणावं का न्हाय?”

“आतून म्हटलं तर रेकॉर्ड होतं.”

“मग यांनाच बसवा तिथं दाराशी,” मामी स्वयंपाकघरातून म्हणाली. “इथं पेपर टाकणाऱ्याला सुदिक बसवून घेतात. माझा चहा तरी वाचंल.”

मामा हसले. निघताना मी अडत्याचं विचारलं, तर “बघू,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर बाक टाकला आणि आतलं बाहेर ऐकू जावं म्हणून तिथं एक छोटा स्पीकर लावला. मामा आले, बसले. येणाऱ्याला ते पाणी देतात, स्पीकरकडे बोट दाखवतात आणि गप्प करतात. स्वतः मात्र गप्प बसत नाहीत.

त्याच आठवड्यात बेंबळीच्या बाई बोलत असताना माझ्या हेडफोनमध्ये, गोधड्यांमधून गाळून आल्यासारखा, मामांचा आवाज आला. अडत्या आला होता.

“या, बसा. पाणी घ्या. जागेचं म्हणाल तर न्हाय जमायचं. आत माणसं हायत.”

बाईंनाही तो ऐकू आला असावा. त्या क्षणभर थांबल्या, माझ्याकडे बघून हसल्या आणि हरभऱ्याच्या घाटेअळीवर पुढं बोलू लागल्या. तेवढा तुकडा कापणं माझं कामच होतं. मी तो ठेवला. मागं मामांचा आवाज बारीक ऐकू येतो.